मुक्या नदीतली धुरपाई

गाडी आधी काठावर घ्या, मग सांगतो. आभाळ निरभ्र आहे, हे मलाही दिसतंय. पण ही नदी इथल्या आभाळाला विचारून येत नाही. पाऊस पडतो तिकडे पश्चिमेच्या डोंगरात आणि पाणी येतं इथे, रणरणत्या उन्हात. वर्षातून एकदा-दोनदा येतं, एखाद्या साली येतही नाही. ती पुढे कुठल्या नदीलाही मिळत नाही, खालच्या खारट चोपण जमिनीत जिरून जाते. एरवी ही अशी, नुसती वाळू. तिच्यात खोल खड्डा खणला की तळाशी पाणी पाझरतं, त्याला आम्ही झिरा म्हणतो. आमची गावं त्यावरच जगली.

तो मधोमध काळा खडक दिसतो ना, ती धुरपाई.

पूर्वी म्हणे या नदीत बोलायला, वाजवायला मनाई नव्हती. धुरपा ही इथल्या धनगराची लेक. तिला एकच धाकटा भाऊ, सिदू. आई-बाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. त्याचं लग्न पलीकडच्या गावात ठरलं आणि नेमकी त्या साली नदी आली नाही. झिरे आटले, कोकरं मरू लागली. लग्नाला पाणी कुठून आणायचं, या काळजीनं ती या खडकापाशी आली आणि नदीला नवस बोलली, "आई, एकडाव ये. माज्या घरातलं तुला लागंल ते ने." नवस बोलताना वस्तूचं नाव घ्यायचं असतं. तिनं ते घेतलं नाही.

वैशाखात वरात निघाली. दोन्ही गावांची शीव नदीत, म्हणून नवरीकडचे वाळूत येऊन सामोरे उभे राहायचे आणि दोन्हीकडच्या हलग्यांची ईर्षा लागायची. धुरपा करवली होती. सिदूला तहान लागली म्हणून ती थोडी ओल उरलेल्या एका झिऱ्यात उतरली. पाणी भरायला वाकली आणि तिच्या कानाशी जमीन घुमली.

वरच्या लोकांनाही आवाज आला होता, असं सांगतात. पण नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीकडच्यांनी वळणाआड मोठे ढोल लपवून ठेवलेत. नवरीकडच्यांना वाटलं, यांनीच आणलेत. कुणी हार मानेना. हलग्या आणखी जोरात कडाडल्या.

धुरपा वर आली ती ओरडतच, पण कुणाला ऐकू जाईना. आपण काय बोलून बसलो, ते तिला तेव्हा कळलं. घरात होतं तरी काय? एक सिदू. तशीच ती धावली, दगड उचलला आणि पहिल्याची हलगी फोडली, मग दुसऱ्याची. लग्नात वाद्य फोडणं म्हणजे केवढा अपशकुन. लोक तिच्या अंगावर धावले, वाजवणारे थांबले. आणि मग सगळ्यांनी ऐकलं.

माणसं पळत सुटली. सिदू मात्र बहिणीकडे वळला. तिनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. "तू नगं. बोलले मी हाय," म्हणाली आणि खडकाला मिठी मारून बसली. लोकांनी त्याला ओढत वर नेलं. आधी काटक्या आणि फेस आला, मागून पुरुषभर गढूळ पाणी. वरातीतलं दुसरं कुणी गेलं नाही. झिरे भरले. ते पाणी घशाखाली उतरेना, पण लोक प्यालेच. दुसरं होतं कुठं?

आजही वरात काठावर आली की हलग्या घोंगड्यात गुंडाळतात. नदी मुक्यानं ओलांडायची. नवऱ्यानं खडकाला कान लावायचा. पलीकडे गेल्यावर पहिली थाप करवलीची, मग बाकीच्यांची. आणि बहीण काठाच्या दरडीवर चढल्याशिवाय भावानं वाळूतून पाय काढायचा नाही.

माझ्या लग्नात मीही कान लावला होता. आत काहीतरी घुमत होतं. माझंच रक्त असेल, पण मी झटकन कान काढला. थोरली आक्का दरडीशी पोचली आणि सवयीनं मागं वळून तिनं मला पुढं घालायला हात केला. मी मानेनंच नाही म्हटलं. ती वर चढेपर्यंत मी खाली उभा होतो, वळणाकडे बघत.