कौल न मिळालेला दिवस

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. एका नदीकाठच्या गावात एक नावाडी राहत होता. अगदी एकटा. लोकांना नदीपार सोडायचा, पण कुणाशी चार शब्द बोलायचा नाही. देवळावरून जाताना तर मानच खाली घालायचा.

त्याला कारणही तसंच होतं. बारा वर्षांपूर्वी, एका पावसाळी दुपारी, पलीकडच्या काठावरून एका तरुणाने त्याला हाका मारल्या. नावाडी नुकताच जेवून आडवा झाला होता. हाका ऐकू आल्या, पण आता कोण उठतंय, म्हणून त्याने कूस बदलली. वाट पाहून तो तरुण पोहत निघाला आणि बुडाला. गाव हळहळलं, पुराला दोष देऊन मोकळं झालं. खरं काय ते एकट्या नावाड्याला ठाऊक. असलं काही पोटात ठेवून जगणं फार वाईट हो!

शेवटी त्याला सहन होईना. एका सकाळी तो देवळाच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. म्हाताऱ्या गुरवाला त्याने सगळं सांगून टाकलं.

"गुरवकाका, माझ्यासाठी कौल लावा. देव मला पदरात घेतो का, तेवढं विचारा. नाही म्हणाला तर आजच गाव सोडतो."

त्या गावची रीत अशी, की देवाच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. आधी उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

गुरवाने पाकळ्या लावल्या. "आत ये. कौल मागणाऱ्याने समोर बसायचं असतं."

नावाडी अंग चोरून बसला. सकाळची दुपार झाली. माणसं आली, नमस्कार करून गेली. पाकळ्या आपल्या जागच्या जागी!

"देव माझ्याशी बोलतसुद्धा नाही," नावाडी पुटपुटला, आणि त्याला रडू कोसळलं. बारा वर्षांत तो रडला नव्हता. रडता रडता तो देवाशीच बोलू लागला. त्या पोराबद्दल, आपल्या आळसाबद्दल, घर कसं खायला उठतं त्याबद्दल. दिवस कलला तरी त्याचं बोलणं सरेना.

दिवेलागणीला गुरव जवळ येऊन बसला. "उजवी पडली असती तर काय केलं असतंस रे?"

"नमस्कार करून घरी गेलो असतो."

"आणि डावी पडली असती तर?"

"तोंड काळं केलं असतं."

"म्हणजे काहीही झालं तरी तू उठूनच जाणार होतास! अरे वेड्या, बारा वर्षांनी लेकरू घरी आलंय. देव त्याला इतक्यात जाऊ देईल का?"

नावाडी मूर्तीकडे बघतच राहिला. कितीतरी दिवसांनी त्याला एकटं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो त्या तरुणाच्या आईकडे गेला. तिच्या पायाशी बसून त्याने खरं काय ते सांगितलं. तिने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. लावणारच, आई ती! नावाडी बराच वेळ त्या दारासमोर उभा राहिला. पण गाव सोडून गेला नाही. तिथून तडक देवळात आला आणि कुणी न बोलावता देवासमोर जाऊन बसला.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: आपण चुकलेले असतो, तेव्हाही देवाला आपण जवळच हवे असतो.