साळिंदराची फणी

"हिंमत असेल तर सोड वाघाची नोकरी आणि टाक स्वतःचं दुकान!" माकड फांदीवरून ओरडलं. "होळीपर्यंत टिकलास, तर ह्या शेपटीनं तुझं अंगण झाडीन!"

खाली बसलेलं साळिंदर वाघाच्या गुहेवर राखणदार होतं. दारात काटे फुलवून उभं राहायचं आणि आयतं खायचं, बस्स! शहाणं असतं तर हसून गप बसलं असतं. पण ह्याचं डोकं भडकलं. "सोडली!" म्हणालं आणि गेलं की खरंच सांगायला. वाघ मिशीत हसला. "जा. पण परत आलास तर दारात उभा करणार नाही."

साळिंदरानं आपले गळलेले काटे वेलीनं ओवून फणी केली आणि जांभळीखाली दुकान थाटलं. जंगलात कुणाच्या अंगात कुसळं नाहीत? ससा पहिला आला. ऐटीत दगडावर बसला, फणी फिरली न फिरली तोच "आई गं, खाज!" करत पळाला. मग कोल्हीण पळाली. अस्वल तर पाठ घासत थेट नदीत जाऊन बसलं.

"काय साळोबा, वाघाकडे कधी निघताय?" वरून माकड.

"तू आधी शेपटी धुऊन ठेव!"

बोललं खरं, पण गिऱ्हाईक एकही टिकेना. घरातले कंद संपत आले होते. आपली टोकंच टोचत असणार, असं धरून ते काटे नदीकाठच्या खडकावर घासायला बसलं. गिऱ्हाईक पळालं की घास, आधी स्वतःच्या नाकावर फिरवून बघ, परत घास! कंद संपले, साली चावून दिवस काढले, पण दुकान काही बंद ठेवलं नाही.

होळीच्या सकाळी बघतं तर काय, दुकानातल्या दगडापाशी माकड गडाबडा लोळतंय! "साळोबा, वाचव! खाजून मेलो!"

साळिंदरानं त्याला चिखल फासला, वाळू दिला आणि फणी फिरवली. फणी इतकी मऊ चालली की माकडाचे डोळेच मिटले. रस्त्यानं जाणारा ससा थबकला. "अरे, मलाही अश्शीच खाज सुटली होती!"

"पण ह्याला तर फणी लागायच्या आधीच सुटली," साळिंदर म्हणालं आणि त्यानं माकडाची अजून घट्ट मिटलेली मूठ उघडली. आत खाजकुइलीची शेंग!

"ह्याची कुसं रोज दगडावर मीच टाकत होतो," माकड खाली मान घालून म्हणालं. "वाटलं, चार दिवसांत पळशील. आज वारा फिरला आणि सगळी माझ्याच अंगावर आली. चुकलो, साळोबा."

"दगडापासून सुरू कर झाडायला. सशाला बसायचंय."

तात्पर्य : रागाच्या भरात नोकरी सोडू नका, पण सोडलीच, तर गिऱ्हाईक पळालं म्हणून दुकान गुंडाळू नका, आपली फणी घासत राहा.