कोष्टिणीच्या मांडीचा वसा

ऐका जिवतीबाई, तुमच्या मांडीची कहाणी. अक्षता हातात घ्या बायांनो, पोरांना जवळ घ्या. चुळबुळ केली तर करू देत, कहाणी त्यांचीच आहे.

आटपाट नगर म्हणा, आटपाट पेठ म्हणा, तिथं एक कोष्टी राहत होता. नाव त्याचं निंबाजी. घरात त्याची आई सगुणाबाई, बायको येसू आणि लेक ठकू. ठकू नुकती चालू लागलेली, बोबडं बोलू लागलेली. घराच्या मधोमध माग, मागाखाली खड्डा. खड्ड्यात पाय सोडून निंबाजी दिवसभर लुगडी विणी. येसू रहाटावर सुताच्या कांड्या भरी. येसूनं भरलेल्या कांड्या ठकू घरभर पसरी. असं चौघांचं बरं चाललं होतं.

मग काय झालं? एके दिवशी ठकू ओणवी झाली आणि आपल्याच पायांतून मागं बघू लागली. सगुणाबाई हसली. म्हणाली, "पाठचं येतंय गं बाई." येसू लाजली. खरंच तिला दिवस गेले होते.

आनंद झाला, गूळ वाटला. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. सुताला लावायच्या खळीचा वास आला की येसू मोरीकडं धावे. भात शिजला की धावे. शेजारी कोणी फोडणी दिली तरी धावे. ती मोरीत ओणवी झाली की ठकू तिच्या पाठीवर चढून "घोला, घोला" करी. हसा, हसा. ज्यांनी सोसलंय त्या हसत नाहीत, मला इथून दिसतंय.

मग सगुणाबाई म्हणाली, "आता पोरीचं दूध तोड. पोटात एक, अंगावर एक, तुझ्यात उरायचं काय?" येसूनं कडुलिंबाचा पाला वाटून लावला. ठकू आली, तोंड लावलं, तोंड कडू झालं. तिनं मान वर करून आईकडं नुसतं पाहिलं. रडली ती येसूच.

मग एके दिवशी येसूच्या लुगड्याला लाल डाग दिसला. तिनं सुईणीला बोलावणं धाडलं. सुईण आली, पोट चाचपलं, म्हणाली, "जपावं लागेल बाई. कळशी उचलायची नाही. सुताचं गाठोडं उचलायचं नाही. आणि ही पोरगी तर मुळीच कडेवर घ्यायची नाही. उचललीस, तर पोटातलं हाती लागायचं नाही."

सकाळी ठकू उठली, हात वर केले, म्हणाली, "आये, कले." कले म्हणजे कडेवर. येसू म्हणाली, "आजीकडं जा गं राणी." दुपारी ठकू पडली, गुडघा फुटला, हात वर केले, म्हणाली, "आये, कले." येसू म्हणाली, "बाबांकडं जा गं सोन्या." संध्याकाळी झोप आली, डोळे चोळत आली, म्हणाली, "आये, कले." येसूनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी ठकूनं हात वर केलेच नाहीत.

मग ठकू जेवेना. खेळेना. कांड्यांना हात लावीना. आईनं हाक मारली की खांबामागं जाई. पोरीच्या फासळ्या दिसू लागल्या. येसू मनात म्हणे, उचलावी तर पोटातलं जातं, न उचलावी तर डोळ्यांदेखत ही वाळते. मी आई कुणाची होऊ? तिला रात्रंदिवस एकच भीती, की दोन्ही लेकरं हातची जाणार.

अशी ती परसदारी बसून रडत होती. तिथं एक म्हातारी आली. केस पांढरे, कंबर एका अंगाला वाकलेली. बायांनो, पोरं वागवून वागवून तशी कंबर होते. म्हातारी म्हणाली, "मुली, मुली, का रडतेस?" येसू म्हणाली, "तुला सांगून काय होणार आजी?" म्हातारी म्हणाली, "नाही तर नाही. तुझं रडणं तरी ऐकते." आणि शेजारी बसली. मग येसूनं सगळं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "उभ्यानं घेता येत नाही ना? मग बसल्यानं घे. मी तुला वसा सांगते." येसू म्हणाली, "कसा घ्यावा? कधी घ्यावा?"

"दर शुक्रवारी दिवेलागणीला हातपाय धुवावे, जिवतीपुढं दिवा लावावा, भुईवर बसावं. पाय पसरावे, मांडीवर थाप मारावी, पोराला एक हाक मारावी. दुसरी मारू नये, ओढून आणू नये. आलं तर घ्यावं, नाही आलं तर मांडी मोकळी ठेवून बसावं. पोर आपण होऊन उठेपर्यंत किंवा झोपेपर्यंत आपण उठू नये. दूध उतू जातंय, जाऊ द्यावं. पाहुणा येतोय, येऊ द्यावा. देव जरी दारात आला तरी उठू नये. दुःखात घेतलास तसा सुखातही धर. बरे दिवस आले म्हणून सोडू नको."

येसूनं डोळे पुसले. बघते तो म्हातारी नाही.

पहिला शुक्रवार आला. येसूनं दिवा लावला, भुईवर बसली, थाप मारली, हाक मारली. ठकू खांबामागून हललीच नाही. येसू रिकामी मांडी घेऊन बसली. पायांना मुंग्या आल्या, पाठ भरून आली, ती उठली नाही. ठकू खांबापाशीच झोपली. दुसरा शुक्रवार आला. ठकू आली, आईच्या अंगठ्याला एक बोट लावून पळाली. तिसरा शुक्रवार आला. ठकू आली, गुडघ्यावर टेकली, मग सरकली, मग अख्खी मांडीत शिरली. येसूनं श्वास रोखून धरला. चुलीवर दूध उतू गेलं. सगुणाबाई ओरडली, "अगं, बसलीय काय राणीसारखी?" येसू म्हणाली, "सासूबाई, एवढं तुम्ही बघा. माझी लेक आलीय."

त्या रात्री ठकू दूधभात जेवली. पुढं खेळू लागली, कांड्या पसरू लागली. येसूचा डाग थांबला, ओकाऱ्या थांबल्या. पोट वर आलं, पोटातलं हलू लागलं. तोंडाला चव आली. चिंच म्हणू नका, कैरी म्हणू नका, भाजलेल्या मातीचा खडासुद्धा तिला गोड लागे. जिवती अशी पावली.

मग काय झालं? बरे दिवस आले. डोहाळजेवण ठरलं, तेही नेमकं शुक्रवारी. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, फुलांची वाडी भरली, झोपाळा सजला. पेठेतल्या बाया जमल्या, गाणी झाली, थट्टा झाली. दिवेलागण झाली. ठकू गर्दीतून वाट काढत झोपाळ्यापाशी आली आणि आईच्या मांडीवर चढू लागली. कोणी म्हणालं, "अगं, फुलं चुरगळतील." कोणी म्हणालं, "पोटावर पाय देशील." कोणी म्हणालं, "घ्या गं हिला तिकडं." येसूनं पाहिलं. तिला वसा आठवला. पण इतक्या दिवसांनी कौतुक होत होतं, तिनंच तोंडानं म्हटलं, "आज राहू दे गं ठकू. उद्या घेईन."

बाया पानविडा घेऊन गेल्या. ठकू कुठं? अंगणात नाही. शेजारी नाही. खांबामागं नाही. निंबाजीनं दिवा धरून मागाखाली पाहिलं, तर खड्ड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. अंग तापानं फणफणलेलं.

ताप उतरला, पण ठकूची वाचा गेली. उजाडलं की ती खड्ड्यात जाऊन बसे. बापाच्या पायांशी गप्प बसून राही. आजीनं लाडू दाखवला, बोलली नाही. बापानं बाहुली केली, बोलली नाही. येसूनं पाय धरले म्हणा ना लेकीचे, तरी बोलली नाही. आणि गुरुवारपासून पोटातलंही हलेना. सुईणीनं कान लावला, मान हलवली, म्हणाली, "वाट बघू." येसूला कळून चुकलं. हे आपल्या हातानं झालं.

शुक्रवार आला. सगुणाबाई देवीची ओटी भरायला गेली. निंबाजी बाजारात गेला. येसूनं हातपाय धुतले, दिवा लावला आणि जड अंगानं खड्ड्याच्या काठावर बसली. पाय खाली सोडले, मांडीवर थाप मारली, एक हाक मारली. "ठकू." ठकू कोपऱ्यात तशीच बसून राहिली.

इतक्यात शेजारीण ओरडत आली. "येसू, धाव गं, वासरू सुटलंय. गल्लीत लावलेला ताणा तुडवतंय." ताणा म्हणजे लुगड्याचं उभं सूत, महिन्याची कमाई. येसू म्हणाली, "तुडवू दे बाई. मला उठता येत नाही."

मग निंबाजी आला, बरोबर मोठा व्यापारी. म्हणाला, "उठ, पाहुण्यांना गूळपाणी दे." येसू म्हणाली, "तुम्ही द्या. मला उठता येत नाही." व्यापाऱ्याला राग आला, पाणी न पिताच निघाला. निंबाजीनं बायकोकडं पाहिलं, खड्ड्यातल्या लेकीकडं पाहिलं. पाहुण्याची समजूत काढायला मागोमाग गेला.

मग दारात ती म्हातारी आली. ओठ सुकलेले, पाय पोळलेले. म्हणाली, "येसू, पाणी दे. फार लांबून आले." येसूनं काठ घट्ट धरला. दारात कोण आलंय ते तिला कळलं होतं. म्हातारी पुन्हा म्हणाली, "उठ की गं. वसा मीच दिला, मलाच पाणी नाही?"

येसू म्हणाली, "आई, देव दारात आला तरी उठू नको, हे तूच सांगितलंस. एकदा मी कौतुकापायी वसा सोडला, त्याचं फळ भोगतेय. आता तू रागावलीस तरी चालेल, शाप दिलास तरी चालेल. माझी लेक अजून आली नाही. माठ तिथं आहे, हातानं पाणी घे आणि माझ्याजवळ येऊन बस."

म्हातारीनं पाणी घेतलं, प्याली. आली, येसूशेजारी बसली, आपलेही पाय खड्ड्यात सोडले. म्हणाली, "साऱ्या जगाची पोरं वागवून दमले गं. तुझी मांडी रिकामी आहे, मीच जरा टेकते." आणि तिनं येसूच्या मांडीवर डोकं ठेवलं. येसू काय करणार? ती तिच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवू लागली.

खड्ड्यातून ठकू बघत होती. बघता बघता उभी राहिली. एक पाऊल आली. दुसरं आली. मग म्हातारीच्या खांद्याला ढोसून म्हणाली, "उठ. माजी आये हाय."

येसूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हातारी म्हणाली, "तुझी आहे, तर खड्ड्यात काय करतेस?" ठकू म्हणाली, "लाग आला व्हता." राग आला होता म्हणाली पोर. म्हातारी हसत उठली. ठकू काठ धरून वर चढली, मांडीत शिरली, पोटाला कान लावून पडली. आणि आतून एक लाथ बसली, थेट कानावर. ठकू दचकून म्हणाली, "आये, ह्यानं मला मालं." येसू हसू लागली, रडू लागली, दोन्ही करू लागली. वळून बघते तो म्हातारी नाही.

वासरानं तोडलेला ताणा सगुणाबाईनं शिव्या घालत घालत सांधला. व्यापारी पुढच्या बाजाराला आपण होऊन परत आला.

दिवस भरले. येसू बाळंत झाली. काय झालं म्हणून विचाराल, मुलगी झाली. सगुणाबाईनं पेढे वाटले. येसू न्हाली, पहिला शुक्रवार आला. पुरणाचा दिवा केला, आधी थोरलीला ओवाळलं, मग धाकटीला. मग दिवेलागणीला येसू भुईवर बसली, पाय पसरले. पण मांडीवर तान्ही होती. खाली ठेवावी तर रडते, घेऊन बसावं तर थोरलीची जागा गेली.  येसूनं थाप मारायला हात उचलला, तो वरच राहिला.

ठकू उंबऱ्यात उभी होती. तिनं आईकडं पाहिलं. बाळाकडं पाहिलं. मग आली, आईशेजारी भुईवर बसली. इवलेसे पाय पसरले, आपल्या मांडीवर थाप मारली, म्हणाली, "दे हितं."

येसूनं बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं, खालून आपला हात धरला. मांडी ती केवढी, बाळ अर्धं आईच्या हातावरच. ठकू हलली नाही. चुलीपाशी सगुणाबाईनं ताट वाढलं, हाक मारली, "ठकू, पुरणपोळी निवतेय, ये लवकर." ठकूच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं बाळाकडं पाहिलं आणि म्हणाली, "आजी, ही उठू दे. मग येते."

जिवतीबाई येसूला पावली, ठकूला पावली, तशी तुम्हांआम्हां साऱ्यांना पावो. पोटातली सुखरूप बाहेर येवोत, मांडीवरची पोटभर बसून उठोत. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, इथं सुफळ झाली, संपूर्ण झाली.