खांबावरचं छप्पर

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यात एक खगोलपंडित येऊन राहिला. दिवसा सूर्य आणि रात्री तारे, एवढाच त्याचा संसार. त्याने किनाऱ्यावर एक दगडी खांब रोवला आणि कोळ्यांना सांगितलं, "उन्हाळ्यात एका दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येईल आणि या खांबाची सावली नाहीशी होईल. त्या दिवसापासून नावा वर ओढायला लागा. पुढे समुद्राचा भरवसा धरू नका."

कोळ्यांनी ऐकलं आणि कितीतरी घरांतली माणसं बुडायची वाचली. पुढे पंडित गेला, पण गाव त्याला विसरलं नाही. पोरांची नावं नक्षत्रांवरून ठेवली जाऊ लागली, जात्यावरच्या ओव्यांत तो आला, वैशाखी पुनवेला खांबाची जत्रा भरू लागली. प्रेम फारच उतू गेलं, तेव्हा एवढ्या थोर माणसाच्या खांबाला ऊन लागू नये म्हणून गावाने त्यावर छानसं कौलारू छप्पर घातलं!

आता छपराखाली सावली पडणार कशी आणि जाणार कशी? पण हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जत्रा झाली की खांबाचा पुजारी सांगायचा, "सावली गेली, नावा ओढा." लोक ओढायचे. बहुतेक वर्षी ते जमूनही जायचं.

एका वर्षी अधिक महिना आला आणि जत्रा लांबली. गावात नावेची एक मालकीण होती, अंगाने धिप्पाड, तोंडाने फटकळ. तिचे दोन्ही मुलगे तिच्याच नावेवर जायचे. एका दुपारी बोंबील वाळत घालताना तिचं लक्ष बांबूच्या सावलीकडे गेलं. ती वीतभरही उरली नव्हती. आणि मुलगे तर दुसऱ्याच दिवशी लांबच्या फेरीला निघायचे होते.

ती तशीच पुजाऱ्याकडे गेली. "पुजारीबाबा, सावली संपत आली. नावा ओढायला सांगा."

"जत्रेआधी? पंडितांचा अपमान होईल. खांब अजून काही बोललेला नाही."

"छपराखाली कोंडल्यावर काय बोलणार तो?"

पुजारी भडकला. "जत्रेआधी जो नाव ओढील, तो वाळीत पडेल!"

मालकीण घरी आली आणि तिने मुलांच्या नावेतलं वल्हंच काढून घेतलं. उघड्या वाळूत ते रोवलं, दोरीला दगड बांधून सरळ आहे का ते पाहिलं.

"आये, वाळीत पडलो तर आम्हाला पोरगी कोण देईल?" धाकटा म्हणाला.

"आधी जिवंत राहा. पोरीचं मग बघू."

सकाळी पुजाऱ्याची माणसं आली आणि वल्हं उपटून गेली. "गावात खांब एकच!" असं बजावलंही. तिने बांबू रोवला. तोही उपटला. मग तिने घरातलं मुसळ आणून रोवलं आणि कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहिली.

समोरच्या घरातली म्हातारी हे सगळं बघत होती. ती उठली, आपल्या दारात एक काठी रोवली आणि ओरडली, "आता माझी उपटायला या बघू!" बघता बघता दारोदारी काठ्या उभ्या राहिल्या. पुजाऱ्याची माणसं दमली आणि सावलीत जाऊन बसली.

दोन दिवसांनी भर दुपारी सगळा कोळीवाडा उन्हात उभा होता. काठ्यांच्या सावल्या आखडत गेल्या आणि नाहीशा झाल्या. दारोदारी, एकाच वेळी.

"ओढा रे!" मालकीण गरजली आणि माणसं नावांना भिडली.

पुजारी धावत आला. "थांबा! एकेकाला वाळीत टाकीन! सगळ्या गावाला टाकीन!"

"सगळ्या गावाला टाकलंत, तर मग वाळीत तुम्हीच पडलात की," मालकीण म्हणाली. लोक खो खो हसले आणि दोर ओढत राहिले.

पुजाऱ्याच्या भावकीच्या नावा तेवढ्या पाण्यात राहिल्या. जत्रेच्या आदल्या दिवशी वादळ आलं आणि त्या नावांच्या फळ्या झाल्या. मालकीण आणि तिचे मुलगे छातीभर पाण्यात उतरले, दोर फेकले आणि पुजाऱ्याच्या पुतण्यांना एकेक करून ओढून काढलं.

वादळ शमल्यावर लोक हार-नारळ घेऊन तिच्या दारी आले. पुढे मान खाली घालून पुजारी. "बाई, आता तूच आमची पंडित. पुढल्या वर्षी नावा कधी ओढायच्या ते तूच सांग. तुझ्या मुसळाला आम्ही सुंदर मंदिर बांधतो."

"खबरदार माझ्या मुसळावर छप्पर घालाल तर!" ती कडाडली. "आणि मला कशाला विचारता? पंडितांनी तुम्हाला बघायला शिकवलं होतं, विचारायला नाही. काठ्या तुमच्या दारात आहेत. सूर्य काही माझ्या मालकीचा नाही."

हार तिने परत केला. नारळ मात्र ठेवून घेतला, कालवणाला हवाच होता.

तात्पर्य एवढंच: थोर माणसाच्या दगडाला कितीही जपलं तरी त्याचं देणं टिकत नाही. त्याने शिकवलेलं जो स्वतः उन्हात उभा राहून पारखतो, त्याच्याच हाती ते टिकतं.