टिचकीची करवंटी आणि मामाचं सेटिंग

होती कोण? होती चिचुंद्री.
राहायची कुठं? कऱ्हाडला, मामाच्या घरी, मागच्या खोलीत, कपाटाखाली.
नाव काय? टिचकी.

टिचकी एवढीशी. तिचं शेपूट एवढंसं. नाक मात्र लांबच लांब. टिचकी चालायची तुरु तुरु, तुरु तुरु.

टिचकीला एक बाळ होतं. त्याचं नाव बुटकू. बुटकू करवंटीत झोपायचा. नारळाची अर्धी करवंटी, आत मऊ कापूस. हलवली की डुलायची, डुगू डुगू. करवंटी डुलली की बुटकू झोपायचा. दुसरीकडे कुठं म्हणजे कुठं झोपायचा नाही.

टिचकीची आणखी एक गंमत होती. ती चिडली की तिच्या अंगाला वास सुटायचा. असला वास, असला वास, की विचारू नका. पण टिचकीच्या आईनं तिला शिकवलं होतं, "लोकांच्या घरी वास करायचा नाही." टिचकी शहाणी होती. ती कधी वास करायची नाही.

एका दुपारी टिचकी झुरळ शोधायला गेली. टिचकी पुढे, तिचं शेपूट धरून बुटकू मागे. तुरु तुरु, तुरु तुरु.

परत आली, तर काय? कापूस आहे. करवंटी नाही.

"चीं," बुटकू रडला. त्याची झोपेची वेळ झाली होती.

करवंटी नेली कोणी? मामानं.

मामाचं नाव प्रभंजन. प्रभंजन म्हणजे सोसाट्याचा वारा. मामा मात्र खुर्चीतून उठत नाही. खुर्चीत बसूनच तो गाडी पळवतो. गाडी कुठं? कॉम्प्युटरच्या पडद्यात. पडद्यात दहा गाड्या पळतात. मामाची गाडी दहावी येते. रोज येते.

गाडी वळवायचं दुकानातलं चाक मामाला नको. "मी घरीच करतो," मामा म्हणाला. आणि केलं की. गाडीचं चाक केलं मामीच्या पिठाच्या चाळणीचं. चाकाला ओढायला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. खाली मामीच्या दोन चपला लावल्या. उजवी चप्पल दाबली की गाडी पळते. डावी दाबली की गाडी थांबते. सगळं टेबलाला बांधलं, सुतळीनं, करकचून. फक्त गिअरच्या दांड्याला मूठ नव्हती. आता आहे. आपली करवंटी.

टिचकी गेली मामाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मामा मामा, करवंटी द्या ना.
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

मामा म्हणाला, "छे छे. गाडी पहिली आल्याशिवाय करवंटी नाही."

आणि मामानं पडद्यातल्या टायरातली हवा थोडी कमी केली. "सेटिंग चुकलंय," मामा म्हणाला.

टिचकी गेली गाडीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. गाडी भिंतीला नाक लावून उभी होती. घुर्रर्र, फुस्स.

"गाडीबाई गाडीबाई, पळा ना.
मामा देईना,
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

गाडी म्हणाली, "छे छे. चाक फिरल्याशिवाय मी पळत नाही."

मामानं टायरातली हवा थोडी जास्त केली. "सेटिंग चुकलंय," मामा म्हणाला.

टिचकी गेली चाकाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. चाक एका बाजूला लोंबत होतं. त्यातून पीठ गळत होतं, भुरु भुरु.

"चाकदादा चाकदादा, फिरा ना.
गाडी पळेना,
मामा देईना,
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

चाक म्हणालं, "छे छे. रबरानं ओढल्याशिवाय मी फिरत नाही."

मामानं हवा पुन्हा कमी केली. पहिल्याइतकीच. "सेटिंग चुकलंय," मामा म्हणाला.

टिचकी गेली रबराकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. रबर हिसक्यांनी ढिलं पडलं होतं.

"रबरभाऊ रबरभाऊ, ओढा ना.
चाक फिरेना,
गाडी पळेना,
मामा देईना,
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

रबर म्हणालं, "छे छे. टेबल थांबल्याशिवाय मी ओढत नाही."

पडद्यातल्या गाडीला मागे एक पंख असतो. उडायला नाही, नुसताच असतो. मामानं तो थोडा वर केला. "सेटिंग चुकलंय," मामा म्हणाला.

टिचकी गेली टेबलाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. टेबल हलत होतं, खडखड खडखड.

"टेबलराव टेबलराव, थांबा ना.
रबर ओढेना,
चाक फिरेना,
गाडी पळेना,
मामा देईना,
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

टेबल म्हणालं, "मी कसं थांबू? डावी चप्पल अडकलीय. म्हणून गाडी पळत नाही. गाडी पळत नाही म्हणून मामा उजव्या चपलेवर नाचतोय. मग मी हलतं. छे छे. डावी चप्पल सुटल्याशिवाय मी थांबत नाही."

मामानं पंख थोडा खाली केला. वहीत लिहून ठेवलं. "सेटिंग चुकलंय," मामा म्हणाला.

बुटकूनं मोठी जांभई दिली. "चीं." त्याचे डोळे लाल लाल झाले होते. टिचकीला फार वाईट वाटलं.

टिचकी गेली चपलेकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. टेबलाखाली अंधार होता. डावी चप्पल चपटी झाली होती.

"चप्पलताई चप्पलताई, सुटा ना.
टेबल थांबेना,
रबर ओढेना,
चाक फिरेना,
गाडी पळेना,
मामा देईना,
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

चप्पल म्हणाली, "माझ्यावर कोण बसलंय बघ की. छे छे. बोका उठल्याशिवाय मी सुटत नाही."

टिचकीनं वर बघितलं. चपलेवर बसला होता बोका. गुबगुबीत, गोल. कॉम्प्युटरच्या डब्यातून तिथं गरम वारा येतो. म्हणून बोका तिथं बसतो. सकाळी बसतो, संध्याकाळीच उठतो. घुरु घुरु, घुरु घुरु.

मामाला हे माहीत होतं का? नव्हतं. मामा टेबलाखाली बघतच नाही. मामा पडद्यात बघतो.

टिचकी दोन पावलं मागे सरकली. पण पुढे झाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बोकोबा बोकोबा, उठा ना.
चप्पल सुटेना,
टेबल थांबेना,
रबर ओढेना,
चाक फिरेना,
गाडी पळेना,
मामा देईना,
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

बोक्यानं एक डोळा उघडला. "घाबरू नकोस. चिचुंद्री मी खात नाही. चिचुंद्रीला वास येतो."

टिचकीला राग आला. पण तिनं वास केला नाही. लोकांचं घर होतं ना.

बोका म्हणाला, "छे छे. मामीनं दूध-पोळी दिल्याशिवाय मी उठत नाही." आणि डोळा मिटला.

वर मामानं दोस्ताला फोन लावला. दोस्त म्हणाला, "हवा कमी कर." मामानं हवा कमी केली. "सेटिंग चुकलंय," मामा म्हणाला.

टिचकी गेली स्वयंपाकघरात. तुरु तुरु, तुरु तुरु. मामी शेंगा सोलत बसली होती. अनवाणी.

"मामी मामी, पोळी लाटा ना.
बोका उठेना,
चप्पल सुटेना,
टेबल थांबेना,
रबर ओढेना,
चाक फिरेना,
गाडी पळेना,
मामा देईना,
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

मामी म्हणाली, "काय करू गं टिचकी? पीठ चाळायला चाळण नाही. चाळण त्यांनी नेली. तीनदा मागितली की. म्हणतात, गाडी पहिली येऊ दे. मी काय चौथ्यांदा जायची नाही. छे छे. चाळण आल्याशिवाय मी पोळी लाटत नाही."

टिचकी विचार करू लागली. चाळण कुठंय? चाळणीचं चाक झालंय. चाक कुठंय? मामाच्या हातात. मामा चाळण कधी देणार? गाडी पहिली आल्यावर. गाडी पहिली कधी येणार? बोका उठल्यावर. बोका कधी उठणार? मामीनं पोळी दिल्यावर. मामी पोळी कधी देणार? चाळण आल्यावर.

टिचकी गोल फिरून तिथंच आली. पडद्यातल्या गाड्याही तशाच फिरत होत्या. गोल गोल, गोल गोल.

तेवढ्यात बुटकूच्या हातून शेपूट सुटलं. तो धपकन खाली बसला. त्याला झोप आली होती आणि झोपायला जागाच नव्हती. बुटकू रडला. आता चीं नाही. चींऽऽऽऽ.

मग मात्र टिचकीला राग आला. खरा राग आला. नाकाच्या शेंड्यापासून शेपटाच्या टोकापर्यंत राग आला.

ती बुटकूला घेऊन परत टेबलाखाली गेली. तुरु तुरु नाही. ठप ठप, ठप ठप. बोक्याच्या नाकासमोर उभी राहिली.

"आई," टिचकी हळूच म्हणाली, "आज एकदाच हं."

आणि तिनं वास केला.

असला वास, असला वास.

बोक्याच्या मिशा वाकड्या झाल्या. डोळे गोल झाले. बोका उठला. उठला कसला, उडालाच. एका उडीत खिडकीत, दुसऱ्या उडीत अंगणात.

बोका उठला,
चप्पल सुटली,
टेबल थांबलं,
रबरानं ओढलं,
चाक फिरलं,
गाडी पळाली.

अशी पळाली, अशी पळाली. घूंऽऽऽऽ. दहावी होती, सातवी झाली. सातवी होती, तिसरी झाली. पीठ उडालं, भुरु भुरु. मामाचं नाक पांढरं झालं. तिसरी होती, दुसरी झाली. आणि मग गाडी आली पहिली.

मामा खूश. "बघा," मामा म्हणाला. "मी म्हणत होतो ना? हवेचं सेटिंग चुकत होतं." आणि वहीत हवा असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

टेबलाखाली त्यानं अजूनही बघितलं नाही.

टिचकी टेबलावर चढली. बुटकू तिच्या मागे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मामा मामा, करवंटी द्या ना.
गाडी पहिली आली.
करवंटीवाचून बुटकू झोपेना."

मामा म्हणाला, "देतो, देतो. फक्त अजून एकदा."

अजून एकदा कोण म्हणतं, तुम्हाला माहीत आहे ना? मामा चाळीस वर्षांचा आहे. तोही म्हणतो.

टिचकीनं मामाकडे पाठ केली. शेपूट थोडंसं वर उचललं. थोडंसंच.

मामाचं पांढरं नाक हललं. एकदा हललं, दोनदा हललं. मामानं दांड्यावरची करवंटी काढली. फुंकर मारून पुसली. दोन्ही हातांनी टिचकीपुढे ठेवली.

"चुकलंच माझं, टिचकीबाई," मामा म्हणाला.

सेटिंग चुकलं, असं नाही म्हणाला. माझं चुकलं, हे मामा पहिल्यांदाच म्हणाला.

मागून मामी आली, एका हातात पोळपाट घेऊन. तिनं नाकाला पदर लावला होता. तिनं सुतळी सोडली. चाळण घेतली. चपला पायात घातल्या. मामानं पोळपाटाकडे बघितलं. पोळपाटही गोलच असतो. मामीनं पोळपाट काखेत मारला.

मामीनं पोळी लाटली. बोक्यानं दूध-पोळी खाल्ली, अंगणात, लांब बसून. मामानंही पोळी खाल्ली. खायला तो खुर्चीतून उठला.

आणि कपाटाखाली?

करवंटीत कापूस आला. कापसात बुटकू आला. टिचकीनं करवंटी हलवली. डुगू डुगू, डुगू डुगू. बुटकूनं आईच्या अंगाला नाक लावलं. थोडा वास येत होता अजून. बुटकूला तो आवडला. आईचा होता ना.

आणि बुटकू झोपला.

करवंटीत बुटकू, कपाटाखाली करवंटी,
आता तुम्ही गोधडीत, आणि गोष्ट उशापाशी.