साहेबांची उंची

तीन रात्री मला झोप नव्हती. अंगणवाडीच्या वहीत माझी चार वर्षांची रेवा दोन महिन्यांत तीन सेंटीमीटरने लहान झाली होती. मी चांगली बी.एस्सी., तरी रोज तिचे पाय ओढून बघत होते.

आरोग्य पाहणीचे धुमाळसाहेब वही बघून सेविकाताईंना म्हणाले, "आईचं दुर्लक्ष, दुसरं काय! ताई, हिचं नाव खुरटलेल्यांत लिहा."

"साहेब, रंगकामानंतर भिंतीवरची पट्टी पुन्हा चिकटवलीय. एकदा तपासता का?" मी चाचरत विचारलं.

"बाई, पट्टी चुकत नसते."

"मग तुमची उंची किती?"

"एकशे बहात्तर! पोलीस भरतीत मोजलेली."

"जरा उभे राहता?"

साहेब ऐटीत भिंतीला टेकले. सेविकाताईंनी आकडा वाचला, "एकशे अडुसष्ट."

"अगंबाई! ताई, साहेबांचंही नाव लिहा खुरटलेल्यांत," मी म्हटलं, "आणि त्यांच्या आईंना बोलावून घ्या."

साहेब आधी लाल झाले, मग खो खो हसले. पट्टी चार सेंटीमीटर वर चिकटली होती. ती त्यांनी स्वतः खाली घेतली, सगळी मुलं पुन्हा मोजायला लावली. रेवा चक्क एक सेंटीमीटर वाढली होती.

ती मात्र साहेबांचा हात धरून म्हणाली, "काका, घाबरू नका. तुमच्या आईला मी सांगते."