दुपारची घंटा

"...मग अक्का, तिला माहेरी पाठवू की नको?"

अक्का नदीकाठच्या मठीत राहत. त्या सुपात डाळ निवडत होत्या.

विचारणारा धुंडिराज वैद्य हा त्यांचा शिष्य. नाडीवर बोटं ठेवताच काल काय जेवलात ते सांगतो, अशी त्याची ख्याती. गावाच्या आधी ती तो स्वतःच सांगे. उद्या सकाळी गाडी जुंपून बायकोला कायमची माहेरी पोचवायची, हे त्याचं ठरलंच होतं. हवा होता फक्त अक्कांचा होकार.

"गोदाला होतं काय?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही. महिन्यातून दोनदा-तीनदा दार लावून अंधारात पडते. म्हणे, अर्धं डोकं फुटतंय. नाडी स्वच्छ, जीभ स्वच्छ, ताप नाही. ढोंग आहे, अक्का. आजही पडलीय."

"गावात दुसरं कोणी असं?"

"एकही नाही. इतकी वर्षं दारोदार विचारतोय, घरात कोणी आजारी आहे का म्हणून. असलं नाटक कोणाकडे नाही."

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

"चल, गावातून फिरून येऊ."

"आत्ता? भर दुपारी?"

भर दुपारी धुंडिराज कधी गावात फिरलाच नव्हता. जेवण झालं की वामकुक्षी, ती ऊन उतरेपर्यंत.

गाव गप्प होतं. माणसं होती, पण आवाज नव्हता. कासार हातोडी खाली ठेवून, हात मांडीवर घेऊन नुसता बसला होता. दारं अर्धी ओढलेली. एका ओसरीवर तान्हं रडायला लागलं, तशी एक बाई त्याला उचलून तडक शेताकडे पळाली.

रणरणत्या उन्हात धुंडिराजच्या अंगावर काटा आला.

"गावात कोणी गेलं का, अक्का?" त्याने कुजबुजत विचारलं. आपण कुजबुजतोय कशाला, हे त्याचं त्यालाच कळेना.

अक्का चालत राहिल्या.

देवळात घंटेच्या लोळ्याला लुगड्याच्या चिंध्या गच्च गुंडाळलेल्या होत्या.

"देवाच्या घंटेचं तोंड कोणी बांधलं?" धुंडिराज भडकला.

"का बांधलं, ते विचार."

'का' म्हणून विचारणं हे काही त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने चिंध्या ओरबाडल्या आणि घंटा दणकन वाजवली.

नाद विरला... आणि गाव कण्हलं.

समोरच्या घरातून, मागच्या आळीतून, पाटलांच्या माडीवरून. घरागणिक एक, दाराआडून, दाबून धरलेलं कण्हणं. जमिनीखालून यावं तसं. मग दारं लागू लागली, एकामागून एक, अगदी हळू. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर धुंडिराजला बरं वाटलं असतं.

गाभाऱ्याच्या अंधारातून भिवा गुरव बाहेर आला. कपाळाला फडकं करकचून आवळलेलं, एक डोळा मिटलेला. त्याने चिंध्या गोळा केल्या आणि लोळ्याला परत गुंडाळू लागला.

"भिवा... इतकी माणसं आजारी, आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"आजारी कोन हाय, वैद्यबुवा?" भिवाचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "नुसतं डोकं हाय ते. दीस चढला की चढतं, कलला की उतरतं. माझ्या आज्याचंबी असंच व्हतं. त्यात काय सांगायचं?"

"नुसतं डोकं..."

"व्हय. ती तेवढी चिंधी द्या इकडं. जुनेर तुमच्याच घरचं हाय. वैनीबाईंनी दिलंय."

धुंडिराजने मुठीतली चिंधी उलगडली. हिरवा काठ त्याने ओळखला. त्याला रडू फुटलं, आणि तेही आवाज न करता रडावं लागलं.

दोघं परत निघाले. धुंडिराजचं घर आलं. माजघराची खिडकी आतून घोंगडीने झाकलेली होती. अंगणातल्या फरशा तव्यासारख्या तापल्या होत्या आणि त्यांवर त्याचे नवे जोडे करकर वाजत होते.

"अक्का..." तो अडखळला. "मग तिला... मी काय करू?"

अक्कांनी त्या झाकलेल्या खिडकीकडे पाहिलं.

"जोडे हातात घे," त्या म्हणाल्या.